साठ लिटर

दस्तगीरभाईंच्या दुकानात पंखा फिरतो, वारा येत नाही.
नव्या पेठेत एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
आकडीनं ओढून ते एकेक सॅक खाली टाकतात,
"ही साठ लिटर, ताई. ही सत्तर.
आणि ही नुसती दिसायला सत्तर."

लिटर म्हटलं की मला पाणीच दिसतं.
साठ लिटर म्हणजे चार घागरी,
आणि आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी.
पाच दिवस पुरवून वापरायला
मला कुणी शिकवायला नको.

रतनगड ते हरिश्चंद्रगड, पाच दिवस, डिसेंबरात.
राजेश्वरी कुडक्यालच्या पोरानं
आपल्या गटात माझं नाव घातलंय.
"मावशी, चालशील?" एवढंच विचारलं.
बावीस वर्षं गणवेश शिवत बसून काढली.
चालते की, म्हटलं.

एप्रिलमध्ये सॅक कुणी घेत नाही,
म्हणून एप्रिलमध्येच आले.
ओव्हरटाइमचे अडीच हजार, पाकिटात दोन घड्या घालून.

पहिली सहा हजार दोनशेची.
हात लावला आणि मागे घेतला,
तव्यावरून घेतात तसा.

दुसरी चौदाशेची, पोपटी, चकचकीत.
मी ती उलटी केली.
"अहो ताई, बाहेरून बघा ना!"
बाहेरून सगळेच गणवेश छान असतात, भाई,
पंधरा ऑगस्टपर्यंत.
इंचाला पाच टाके.
पट्टा जोडलाय तिथे एकच शिलाई, तीही न परतलेली.
कात्राबाईच्या खिंडीत उसवेल
आणि उसवताना आवाजसुद्धा करणार नाही.

तिसरी मातकट. धूळ बसलेली. सत्तावीसशे.
इंचाला नऊ टाके.
पट्ट्याच्या मुळाशी चौकोन, चौकोनात फुली,
फुलीच्या मधोमध सुई दोनदा उतरलेली.
कुठल्या शेडमध्ये बसतेस गं तू?
पीसला किती देतात?
हात बसलाय तुझा.

शेजारच्या दुकानातून सहा चादरी मागून आणल्या,
कोंबल्या, उचलली.
खांदे कानांपर्यंत आले.
पायरीवर इराप्पा हमाल पाणी पीत होता.
आमचा खेळ त्यानं बराच वेळ बघितला,
मग तांब्या खाली ठेवला.
"अक्का, खांद्यावर घेतलं की दुपारपर्यंत माणूस संपतंय.
कंबरेवर घे. पोटावर नको, हाडावर.
हाडावर बस म्हण त्याला."
पट्टा वर ओढला, आवळला, खांद्याचे बंद सैल केले.
आणि कुणीतरी मागून हात लावावा
तसं ओझं अर्धं झालं.
इराप्पा हसला नाही. तोंड पुसून
गठ्ठ्याखाली शिरला.
त्याच्या गठ्ठ्याला पट्टा नव्हता.

कंबरेचा पट्टा मात्र पातळ. आत फोम कसला, बिस्कीट.
ते दाबून दाखवलं, दोनदा.
तीनशे उतरले.
पावसाचं आवरण मागितलं तर
दस्तगीरभाई छताकडे बघायला लागले.
राहू दे. कारखान्यात कापडाच्या गाठीला
आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी असते.
सॅकच्या बाहेर कशाला, आतच घालीन.

घरी येऊन पट्टा उसवला.
फोमचे तुकडे, वर टॉवेलची घडी,
चौकोन, चौकोनात फुली.
तिच्यासारखी नाही जमली,
मशीन माझं घरचं, जुनं.

नळ आला रात्री अडीचला.
घागरी भरल्या, मग बाटल्या भरल्या,
दहा किलो होईपर्यंत सॅकमध्ये रचल्या
आणि जिना चढले. तीन मजले. उतरले. पुन्हा चढले.
दुसऱ्या मजल्यावर चिलवेरी काकूंनी दार किलकिलं केलं,
"इतक्या रात्री कुठं गं?"
वर, म्हटलं. टाकी बघायला.

गच्चीवर थोडी हवा होती.
उभ्यानंच एक बाटली उघडून प्यायले,
ओझं तेवढं कमी.

डावीकडे पट्टा अजून चावतोय.
उद्या टॉवेलची आणखी एक घडी.